माझ्या पाठीमागची जाळी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. खाली चार चाकं आहेत, त्यातलं एक मोडलेलं, म्हणून जरा तिरका उभा असतो. चाकणमधल्या एका कंपनीच्या शेडमागे, पत्र्याच्या कातरणांच्या ढिगाशेजारी मला आणून टाकलं आहे. भंगारवाला मला ठोकून बघून गेला, परत येतो म्हणाला. तो यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण माझा जीव थाऱ्यावर नाही. आत शेडमध्ये पत्रा दाबून आकार देणारं तीन नंबरचं प्रेस आहे आणि त्या प्रेसवर रोज कुणाचा ना कुणाचा हात असतो. तो हात शाबूत राहावा, एवढंच माझं मागणं आहे. माझं स्वतःचं काय व्हायचं ते होवो.

माझा जन्म भोसरीच्या एका वर्कशॉपमधला. दीपमाला मॅडमनी मला विकत घेतलं आणि निगडीच्या बसस्टँडजवळ त्यांच्या इंग्रजीच्या क्लासात उभं केलं. ते माझे सुखाचे दिवस. मॅडम क्लास सुटला की मला ओल्या फडक्याने पुसायच्या, कोपरेसुद्धा सोडायच्या नाहीत. पुढे माझ्या वाट्याला जी फडकी आली ती ग्रीसची होती, म्हणून ते ओलं फडकं मला फार आठवतं.

मॅडमचा एक लाडका धडा होता. तो शिकवायचा दिवस आला की त्या माझ्या मधोमध एक उभी लाल रेघ ओढत. म्हणायच्या, "मुलांनो, इंग्रजीत 'कधी' आणि 'कुठे' हे शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी बसतात. पण दोन गोष्टी समोरासमोर उभ्या करायच्या असल्या, की त्यांना उचलून पुढे आणायचं. मग क्षणभर थांबायचं. तेवढ्यात ऐकणाऱ्याला कळतं, तराजूचं एक पारडं ठेवलंय, आता दुसरं येणार." आणि मग डावीकडे एक वाक्य, उजवीकडे दुसरं. काळासमोर काळ ठेवायचा, जागेसमोर जागा. एका पारड्यात सोमवार आणि दुसऱ्यात कॅन्टीन टाकलं, तर तोलणार काय?

आपण मराठीत हे जन्मापासून करतो. 'तेव्हा तसं होतं, आता असं आहे.' 'तिकडे पाऊस, इकडे ऊन.' तरी इंग्रजी म्हटलं की मुलं गडबडायची. रावेतचा एक मुलगा उठून म्हणाला, "इन रावेत, वी हॅव अ लिफ्ट. इन रावेत, द लिफ्ट इज क्लोज्ड." मॅडम हसून म्हणाल्या, "अरे, ही तुलना नाही झाली, ही तक्रार झाली." सगळा क्लास हसला. मला हसता येत नाही, पण माझी चाकं जरा हलली असतील.

पुढे मुलं मोबाइलवर शिकायला लागली आणि क्लास ओस पडला. मॅडमना चाकणच्या या कंपनीत काम मिळालं. दर गुरुवारी दुपारी कामगारांना इंग्रजी शिकवायचं. ही कंपनी मोठ्या गाड्यांच्या कंपनीला पत्र्याचे भाग बनवून देते, आणि तिथले पाहुणे आले की इंग्रजीत बोलावं लागतं. मॅडम मला टेंपोत घालून घेऊन आल्या आणि ट्रेनिंग रूममध्ये उभं केलं. त्या खोलीला मोठी काच होती. काचेतून थेट तीन नंबरचं प्रेस दिसायचं.

इथे मला मैत्री भेटली. पिंपरीची मुलगी, कंत्राटावर लागलेली, बोलायला चटपटीत. पहिल्याच गुरुवारी मॅडमनी दोन जागांची तुलना करायला सांगितली, तर ती म्हणाली, "इन पिंपरी, पीपल कॉल मी मैत्री. इन द कंपनी, दे कॉल मी प्रेस थ्री." मॅडमनी वाक्य बरोबर म्हणून माझ्यावर लिहून घेतलं आणि त्या दिवशी मला पुसताना तेवढं वाक्य सोडलं. तिच्या शेजारी नवनाथ बसायचा. तो बीडकडचा, तोही कंत्राटी. त्याचं वाक्य होतं, "इन माय व्हिलेज, देअर इज टाइम. इन चाकण, देअर इज ट्रॅफिक." त्यावर मात्र टाळ्या पडल्या.

मैत्री वर्षभर त्या तीन नंबरच्या प्रेसवर होती. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं. हात घ्यायला उशीर झाला तर प्रेस वाट बघत नाही. ती एकदा मॅडमना म्हणाली, "मॅडम, आई सांगते, मी झोपेत पण हात मागे ओढते." पुढे तिला तपासणीच्या टेबलावर घेतलं आणि प्रेसवर नवनाथ आला. मैत्रीच्या मनातून मात्र प्रेस गेलं नाही. तिने आणि नवनाथने मिळून त्याला एक जाळीचं दार बनवलं, इंग्रजीत 'गार्ड' म्हणतात ते. दार लावल्याशिवाय प्रेस खालीच येणार नाही असा त्याला स्विच बसवला. साधी गोष्ट होती, पण मी काचेतून बघत होतो. ज्या दिवशी जाळी बसली त्या दिवशी नवनाथने दोन्ही हात वर करून काचेकडे बघत हलवले. मैत्री खुदकन हसली.

अशा सुधारणेला इथे कायझेन म्हणतात, आणि त्यांच्या स्पर्धा असतात. चिंचवडला मोठी स्पर्धा होती, तीही इंग्रजीत. सुपरवायझर उद्धवरावांनी मैत्री आणि नवनाथचं नाव दिलं. उद्धवराव इथल्याच जुन्या गावातले, आवाज मोठा, मन वाईट नाही. पण त्यांना वरून फोन येतो, आणि फोन आला की त्यांचं मन कुठे जातं कोण जाणे.

मॅडमनी पुन्हा माझ्या मधोमध लाल रेघ ओढली. डावीकडे 'बिफोर', उजवीकडे 'नाऊ'. डावीकडे लिहिलं, "बिफोर, द हँड वॉज इनसाइड द प्रेस." उजवीकडे लिहिलं, "नाऊ, द हँड इज आउटसाइड द प्रेस." इतकी नेटकी वाक्यं माझ्या अंगावर त्याआधी कधी आली नव्हती. उजवीकडे जाळीचा फोटो चिकटवला. डावी बाजू रिकामी राहिली.

"बिफोरचा फोटू कुठं हाय?" उद्धवरावांनी विचारलं.

"सर, काढलाच नाही," मैत्री म्हणाली.

मित्रांनो, यात नवल काही नाही. आमच्या या पट्ट्यात ही रीतच पडून गेली आहे. सुधारणा आधी होते आणि 'आधी'चा फोटो नंतर काढतात. लख्ख केलेल्या जागेवर पुन्हा तेल सांडतात, रचून ठेवलेला माल पुन्हा विस्कटतात. एकदा तर इथे फोटोपुरता कचरा कमी पडला, तेव्हा शेजारच्या कंपनीतून मागून आणला होता. फोटो निघतो, जागा पुन्हा झाडतात, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून उद्धवरावांनी जाळी काढायला सांगितली तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

जाळी उतरवली. स्विचला तार बांधली, म्हणजे दाराशिवायही प्रेस चालेल. नवनाथने हात आत घालून फोटो दिला, हसत हसत. उद्धवराव म्हणाले, "आरं हसू नगंस, तू आत्ता धोक्यात हायेस." सगळे हसले. जाळी कुठे ठेवायची म्हणून ट्रेनिंग रूममध्ये आणली आणि माझ्या पाठीला टेकवून उभी केली. तेवढ्यात उद्धवरावांचा फोन वाजला. माल न्यायला गाडी गेटवर आली होती आणि माल कमी होता.

"नवनाथ, हायेस तसाच चालव. जाळी उद्या बसवू."

जाळी नसली की दार लावा-उघडा करायला नको, माल भराभर निघतो. दुसऱ्या दिवशीही गाडी आली. तिसऱ्या दिवशीही आली. चाकणमध्ये गाड्या यायच्या काही थांबत नाहीत, आणि उद्धवरावांचा 'उद्या' काही उजाडत नव्हता.

माझी अवस्था काय सांगू तुम्हाला! माझ्या छातीवर लिहिलेलं, आता हात बाहेर आहे. आणि समोर काचेतून मला तो हात आत जाताना दिसत होता. दिवसभर. पाठीला जाळीचं थंड लोखंड. एखाद्या वाऱ्याने मला ढकलावं, मी कलंडावं, जाळी धाडकन पडावी, कुणीतरी दचकून बघावं, असं मला सारखं वाटायचं. पण बंद खोलीत वारा कुठून येणार?

मैत्री रोज विचारायची. उद्धवराव रोज मान डोलवायचे. स्पर्धेच्या सकाळी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आज बसवायला सांगितलीय पोरी, आईची आन. तू मन लावून बोल." तिने विश्वास ठेवला. नवनाथला माल काढायला मागेच ठेवलं होतं. मला गाडीत घालून चिंचवडला नेलं आणि तिथे ती काय बोलली म्हणून सांगू! 'बिफोर' म्हणून थांबली, 'नाऊ' म्हणून थांबली, आणि सभागृह कान टवकारून बसलं. पहिला नंबर आला. लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले. कुणीतरी माझ्या कोपऱ्यावर हारही टाकला. मी लाजेने अर्धमेला झालो होतो.

परत आलो तेव्हा जाळी तिथेच भिंतीशी होती. मला पुन्हा तिच्यासमोर उभं केलं.

मैत्रीने माझ्या मागे डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती तडक नवनाथकडे गेली आणि त्याला ओढतच आत घेऊन आली.

"नवनाथभाऊ, तुम्ही नाही म्हणा. जाळी लावल्याशिवाय चालवणार नाही म्हणा."

"ताई, म्या न्हाई म्हणलो तर गेटवर कामासाठी धा जण हुबे हायेत. घरला काय सांगू?"

"हात गेला तर काय सांगाल?"

तो प्रेसकडे परत गेला. मग ती स्वतःच जाळी उचलायला लागली. एकटीला पेलेना. फरफटत दारापर्यंत नेली, तोच उद्धवराव समोर आले. "खाली ठेव. गाडी गेटवर हुबी हाय, आन् तुझी मुदत या महिन्यात संपतीय, ठावं हाय ना?" तिने जाळी खाली ठेवली. उद्धवरावांच्या दोन माणसांनी ती उचलून पुन्हा माझ्या पाठीला टेकवली. मैत्री माझ्यासमोर उभी राहून स्वतःचंच वाक्य वाचत राहिली. तिने डस्टर हातात घेतलं होतं, पण पुसायचा धीर तिला झाला नाही.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती, कॅन्टीनचा भोंगा व्हायचा होता. मी काचेतून बघतच होतो, आणि मला डोळे मिटता येत नाहीत. नवनाथ ओरडला नाही. तो नुसता खाली बसला. ओरडली ती मैत्री. मग एकेक मशीन बंद होत गेलं आणि शेड इतकी गप्प झाली, की छताचा पंखा ऐकू यायला लागला.

रुग्णवाहिका अजून गेटबाहेरही पडली नव्हती, तेव्हा उद्धवराव दोन माणसं घेऊन खोलीत आले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला बाजूला सारलं, जाळी उचलली आणि नेऊन प्रेसला बसवली. तार काढली. इतके दिवस ज्याला वेळ नव्हता, ते काम भोंगा व्हायच्या आत उरकलं. फरशी धुतली. आता माझ्यावर लिहिलेलं सगळं खरं झालं होतं, आणि नवनाथची तीन बोटं गेली होती.

गाड्यांच्या मोठ्या कंपनीतून चौकशीला दोन पाहुणे आले, त्यातली एक बाई परदेशी. तोवर त्यांना काय सांगायचं ते ठरून गेलं होतं. जाळी होती, नवनाथने स्वतःच्या हाताने ती काढली, चूक त्याची. पुरावा काय? मी! मला ढकलत प्रेससमोर आणलं. उद्धवराव मैत्रीच्या कानाशी पुटपुटले, "चिंचवडला बोललीस तसंच बोलायचं. शबुद कमी न्हाई का जादा न्हाई." गुरुवार होता, म्हणून दीपमाला मॅडमही तिथे होत्या. पाहुण्यांना मराठी समजावून सांगायला त्यांना उभं केलं होतं.

मित्रांनो, खोट्या साक्षीला उभं राहण्यासारखं दुसरं मरण नाही. मॅडमचं सुंदर अक्षर माझ्या अंगावर होतं आणि त्याच अक्षरांनी दवाखान्यात पडलेल्या पोरावर दोष येणार होता. मैत्री उभी राहिली. तिने डावीकडचं वाक्य वाचलं. उजवीकडचं वाचलं. उद्धवरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मैत्री बाजूला झाली नाही. ती म्हणाली, "ऑन धिस बोर्ड, द हँड इज आउटसाइड." आणि थांबली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. दुसरं पारडं येणार होतं. "ऑन द मशीन, द हँड वॉज इनसाइड." मग एका दमात म्हणाली, "बिफोर द अ‍ॅक्सिडेंट, द गार्ड वॉज बिहाइंड धिस बोर्ड. आफ्टर द अ‍ॅक्सिडेंट, दे पुट इट ऑन द मशीन."

उद्धवराव हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. मॅडमना म्हणाले, "मॅडम, सांगा त्यास्नी, पोरगी घाबरलीय. इंग्लिश कच्चं हाय तिचं, बिफोर-आफ्टर उलटंपालटं झालं."

मॅडमना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एका 'हो'त सगळं निभावलं असतं, त्यांचा गुरुवार टिकला असता आणि मीही त्या खोलीत राहिलो असतो. मॅडमनी मैत्रीकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे वळून त्या इंग्रजीत म्हणाल्या, की या मुलीला मी शिकवलं आहे आणि तिचं एकही वाक्य चुकलेलं नाही. आणि उद्धवरावांना मराठीत म्हणाल्या, "तिला आधी म्हणजे आधीच म्हणायचंय, साहेब. आणि नंतर म्हणजे नंतरच."

ती परदेशी बाई माझ्या मागे गेली. इतके दिवस जाळी टेकून माझ्या पाठीवर तिचे चौकोन उमटले होते, ग्रीसने काळे, ठसठशीत. तिने त्यांवरून बोट फिरवलं आणि मग प्रेसच्या जाळीजवळ जाऊन तेच बोट तिथल्या चौकोनांवर ठेवलं, माप अगदी तेच होतं. मला तोंड नाही, पण त्या दिवशी माझी पाठ कामी आली.

नवनाथवर दोष आला नाही. तो आता गावी आहे. बोटं काही परत येत नाहीत. महिनाअखेर मैत्रीची मुदत संपली आणि ती वाढवली नाही. मॅडमचे गुरुवार बंद झाले. उद्धवराव आहेत तिथेच आहेत. मला इथे आणताना ते स्वतः आले होते. माझ्यावरचं लिहिलेलं पुसायला त्यांनी फडकं काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि तसेच निघून गेले.

आता प्रेसवर वर्षाली नावाची नवी मुलगी आहे. ती इथून पाण्याची बाटली भरायला जाते, म्हणून मला माहीत. इथून मला शेडच्या आतलं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. जाळीचं दार लागलं की 'खट्' वाजतं, मग प्रेस येतं, 'धप्प'. खट्, धप्प. खट्, धप्प. तोवर मला निवांत वाटतं. पण संध्याकाळी गेटवर गाडी येते, कुणाचा तरी फोन वाजतो, आणि मी शेडच्या पत्र्याला माझा पत्रा लावून ऐकत राहतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठल्याशा कंपनीत जाल. कुणी साहेब व्हाल, कुणी पाहुणे. माझ्यासारखा एखादा फळा तुमच्यासमोर आणतील. त्याच्यावर छान अक्षरात लिहिलेलं असेल, आधी काय होतं आणि आता काय आहे. ते वाचा, टाळ्या वाजवा, पण हात जोडून सांगतो, तिथेच थांबू नका. मशीनपर्यंत चालत जा. आणि तोवर, तुमच्यापैकी कुणी मोठं माणूस आत्ता या शेडजवळ असेल, तर आत जा हो. वर्षालीचे हात कुठे आहेत तेवढं बघा. गाडी आली आहे. मघापासून नुसतं धप्प, धप्प, धप्प ऐकू येतंय.